शाळेची बस आणि एकतीस विहिरी

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. जुनी शाळेची बस, आत पलंग, ओटा, खिडक्यांना पडदे, आणि तुम्ही दोघं टपावर पाय सोडून बसलेले. खाली लिहिलंय की आजी, आपल्या घराण्यात असला वेडेपणा पहिल्यांदा आम्हीच केला. तसं नाही. तो मी केला, तुमची आई शाळेत होती तेव्हा, कोल्हापुरात. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून तुमच्यापर्यंत आलं नाही. न बोलण्याचं कारण मी आहे. तेव्हा मीच सांगते आणि जसं झालं तसं सांगते. यात शेवटी कुणी गळ्यात गळे घातले नाहीत.

माझी शाळा बेळगावला इंग्रजीतून झाली, कॉलेज पुण्याला. नोकरी करायची म्हणून टंकलेखन आणि लघुलिपी शिकले होते. त्याऐवजी लग्न झालं आणि शाहूपुरीत, गुळाचा व्यापार करणाऱ्या घरात धाकटी सून म्हणून आले. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणायची. त्या कागलच्या पलीकडच्या खेड्यातल्या, सातवी झालेल्या. माझं शिक्षण त्यांना पहिल्या दिवसापासून सललं. भाकरी करपली की त्या विचारायच्या, “इंग्रजीत भाजलीस व्हय?” मीही गरीब गाय नव्हते. घरी इंग्रजी तार आली की ती मी आधी स्वतः वाचायची, घडी घालून ठेवायची, आणि अक्कांनी दोनदा विचारल्याशिवाय मजकूर सांगायची नाही. बारा वर्षं आम्ही असं एकमेकींना टोचत काढली. मेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं म्हणतात. बरं बोलण्यासारखं सापडलं तर बोलेन.

घर जैन. माझं माहेरही जैन, पण शहरातलं, नळाचं पाणी पिणारं. अव्वांचं तसं नव्हतं. नळात आणि हापशात चामड्याचा वायसर असतो म्हणून त्या ते पाणी घेत नसत. विहिरीचंच घ्यायच्या. काढलेलं पाणी जाड दुहेरी फडक्यातून गाळायचं. फडक्यावर जे बारीक जीव अडकले असतील ते गाळलेल्या पाण्यानं धुवायचे आणि पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे. तेही वरून ओतून नाही. एक छोटी बालदी असते, तिच्या तळाला कडी असते. दोर त्या कडीलाही बांधलेला असतो, म्हणजे बालदी अलगद पाण्याला टेकवून कलंडता येते. याला जिवाणी सोडणं म्हणतात. ज्या विहिरीचे जीव त्या विहिरीत. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर चालतं, त्यापुढे ते न गाळल्यातच जमा. उकळलं तर एक दिवस चालतं.

असं पाणी पिणाऱ्या बाईला रेल्वेनं शिखरजीला कसं नेणार? शिखरजी तेव्हाच्या बिहारात, आमच्यापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. सत्तरी उलटली तरी अव्वांची ती यात्रा राहिली होती. दर पर्युषणात त्या म्हणायच्या, आता माझ्यानं व्हायचं न्हाय. हे त्या जेवणघरात म्हणायच्या, पण बाहेरच्या सोप्यात बसलेल्या मुलांना ऐकू जाईल अशा बेतानं.

तुमच्या आजोबांना ते सोसवेना. पेठ वडगावच्या बाजूच्या एका शाळेनं नवी बस घेऊन जुनी विकायला काढली होती. ती त्यांनी आणली आणि उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी केली. हे मिस्त्री मुसलमान, ट्रकच्या बॉड्या बांधणारे. त्यांच्या वडिलांनी टांगे बांधले होते. तोंडानं फटकळ, हातानं स्वच्छ. आजोबा मला म्हणाले, घरातला सगळा हिशोबीपणा तुझ्यात आहे, आराखडा तू कर.

मी केला. आलेखाच्या कागदावर, एका फुटाला अर्धा इंच धरून. बाकं काढायची. त्यांच्या पाठींवर पोरांनी कर्कटकाच्या टोकानं नावं कोरलेली होती, त्याच फळ्या उलट्या करून बिछान्यांना वापरायच्या. खिडक्यांचे गज ठेवायचे. मागच्या दाराशी ओटा, त्याच्यावर स्टोची जागा, उजव्या हाताला देवाची पेटी, बिछान्याखाली धान्याचे डबे. रोज दुपारी दोन ते चार मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची. त्या काळात त्या रस्त्यावर बाई माणूस असं बसत नसे. मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले की वैनीसाब, पावणं बघायला यायला लागल्यात, तिकीट लावू का? मी म्हटलं, लावा, आणि मोजमाप चुकलं तर तुमच्याकडून भरून घेईन. त्यानंतर आमचं जमलं.

मला शिखरजीचं पुण्य नको होतं, हे इथंच सांगून टाकते. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. लग्न झाल्यापासून मी पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. नर्मदा, विंध्य, गंगेचं खोरं हे सगळं मी इंग्रजी भूगोलात पाठ केलं होतं आणि पुढची पन्नास वर्षं ते पाठच राहणार असं दिसत होतं. बसमध्ये जाणार होते अव्वा, आजोबा, एक ड्रायव्हर आणि एक सून. एकच, कारण मुलांची शाळा, दारात दोन म्हशी आणि पेढीवर जाणारे जेवणाचे डबे, म्हणजे घरात एक सून राहणं भाग होतं. आराखडा माझा, म्हणून जाणारी सून मी, असं मी धरून चालले. तसं कुणी म्हटलं नव्हतं.

बसचा मान होता पाण्याच्या टाकीला. जस्ती पत्र्याची, चाळीस गॅलनची, डाव्या बाजूला खिडकीच्या वर, खाली पितळी तोटी. तोटीत चामडं नको म्हणून मी मिस्त्रींकडून रबराचा वायसर कापून घेतला. टाकीच्या तोंडाला दुहेरी फडक्याची चौकट, म्हणजे पाणी ओततानाच गाळलं जाईल. मिस्त्री म्हणाले, “वैनीसाब, चाळीस गॅलन म्हंजे तीन माणसं एका अंगाला उभी केल्यागत हाय. गाडी कलणार.” मी त्यांना वजनाचं गणित कागदावर करून दाखवलं. त्यांनी कागद हातात धरला, टाकीकडे पाहिलं, आणि पुन्हा कामाला लागले.

फाल्गुनात घरातले सगळे बस बघायला आले. अव्वा मागच्या दारानं चढल्या. बिछान्यावर हात दाबून पाहिला, देवाच्या पेटीपाशी हात जोडले, डब्यांची झाकणं उघडून बघितली. झ्याक हाय, म्हणाल्या. मला वाटलं, झालं. मग त्या टाकीखाली येऊन उभ्या राहिल्या.

“पाणी कुठलं भरणार हितं?”

मी सांगितलं, निघताना आपल्या विहिरीचं. संपलं की वाटेत मिळेल ते.

“आन् फडक्यावरची जिवाणी?”

ही मला माहीत नसलेली गोष्ट नव्हती. बारा वर्षं रोज सकाळी ती बालदी आडात उतरताना मी पाहत होते. पण ते घरातलं, आडाजवळचं. कागदावर टाकी आखताना ते माझ्या मनातही आलं नाही. मी म्हणाले, पुढच्या विहिरीत सोडू.

अव्वांनी तोटी फिरवून पाहिली. बोलल्या अक्का, दारात उभ्या राहून, मिस्त्री आणि त्यांचे दोन कारागीर ऐकत असताना. “म्हंजे शाहूपुरीची लेकरं नागपुरात न्हेऊन सोडायची? आन् सकाळी गाळल्यालं पाणी सांजच्याला गाळल्यालंच ऱ्हातंय व्हय? शाळंच्या गाडीत बसिवलं म्हणून पाणी शानं हुतंय काय?” कारागीर हसले. मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली ती हसू लपवायलाच.

मी म्हणाले की सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर... वाक्य पुरं झालं नाही. अव्वा पायरीवरून उतरत होत्या. खाली उतरल्यावर त्यांनी आजोबांना सांगितलं, माझ्याकडे न बघता, “थोरली यील माझ्यासंगं. तिला पाण्यातलं कळतंय. टाकी काढून टाक.”

दुसऱ्या दिवशी टाकी निघाली. मी मुद्दाम गेले. चार नट सोडवले की झालं, माझीच रचना तशी होती. टाकी खाली उतरली आणि मिस्त्री मागं सरून म्हणाले, “आता बघा, गाडी सरळ उभी ऱ्हायली.” खरंच राहिली होती. त्या माणसाशी मी पुन्हा बोलले नाही.

आता वहीबद्दल. टाकीच्या आधीपासून मी एक काम चालवलं होतं. वाटेवर जिथं जिथं जैन मंदिर किंवा धर्मशाळा आहे असं कळलं, तिथल्या व्यवस्थापकांना मी हिंदीतून आणि इंग्रजीतून पत्रं धाडली होती, सोबत परतीचं पोस्टकार्ड. चार प्रश्न. विहीर आहे का, किती हात खोल, चैत्रात पाणी टिकतं का, बाहेरच्यांना काढू देतात का. एकतीस ठिकाणांहून उत्तरं आली होती. ती मी तक्ता करून एका वहीत उतरवली होती. कुंथलगिरीपासून रामटेक, जबलपूर, तिथून पुढे थेट शिखरजीच्या पायथ्याच्या मधुबनपर्यंत कुठं थांबायचं, किती दोर लागेल, सूर्य मावळायच्या आत कुठं पोचायला हवं, कारण मावळल्यावर जेवण नाही, पाणीही नाही. टाकी नको झाल्यावर तर सगळी यात्राच त्या वहीवर आली. वही मी लघुलिपीत लिहिली होती. कॉलेजपासून मी सगळं त्याच लिपीत लिहायची. अक्कांना वाचता येऊ नये एवढाच त्यामागे हेतू असायचा.

निघायला आठवडा होता. अक्का नवी दोन लुगडी घेऊन आल्या होत्या, दोराला तूप लावून मऊ करत बसल्या होत्या आणि शेजारणींना सांगत होत्या की आमच्यात एक शिकल्याली हाय, तिनं टाकी केलती, कोंबड्यांला पाणी पाजायला बरी हाय. मी माडीवर गेले. एकतीस पोस्टकार्डं सुतळीनं बांधून ठेवली होती. ती खाली आणली आणि न्हाणीघरातल्या बंबात सरपणावर टाकली. त्या दिवशी पहिली अंघोळ अक्कांची होती. पाणी चांगलं तापलं होतं.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आज वाटतं का, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधते आहे. ते तुम्हाला पुढच्या प्रसंगावरून ठरवता येईल.

निघायच्या आदल्या सकाळी आजोबांनी वही मागितली. मी दिली. त्यांनी पानं उलटली, सगळीकडे आकडे आणि रेघोट्या. मी म्हणाले, लघुलिपी आहे. ते म्हणाले, वाच, मी लिहून घेतो. मी म्हणाले, बसमध्ये वाचेन.

त्यांना कळायला क्षणभर लागला. अक्कांना लागला नाही. “बघा अव्वा, म्हातारीच्या यात्रेत दगड घालाया निघाली ही. काय माणूस हाय का कोण हाय?” आणखी बरंच काही म्हणाल्या, माझ्या माहेराबद्दल, बेळगावच्या मडमांबद्दल. आजोबा एवढंच म्हणाले की हे तू करू नकोस. मी उभी राहिले. एकीकडे म्हातारीची शेवटची यात्रा, दुसरीकडे बसमधली माझी एक जागा. मला दोन्ही दिसत होतं आणि मी जागा सोडली नाही.

अव्वा पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता विचारलं, “कार्डं कुठायत?”

“जाळली.”

सूप खाली ठेवलं त्यांनी. माझ्याकडे पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं असेल. मग म्हणाल्या, “तूच चल. पर माझं पाणी मी काढणार. तुज्या हातचं मला न्हाय चालायचं.”

अक्कांनी ट्रंक सोडली. एकेक लुगडं परत कपाटात ठेवलं. माझ्याशी त्या त्यानंतर चार महिने अवाक्षर बोलल्या नाहीत, एक दिवस सोडून. त्याच्याकडे येतेच.

प्रवासाबद्दल तुम्हाला ऐकायचं असेल. बस उत्तम होती. फळ्या करकरल्या नाहीत, डबे सांडले नाहीत, विंध्याच्या चढावर ड्रायव्हरनं माझ्या हिशोबाची तारीफ केली. नर्मदा पाहिली, पुलावरून, खिडकीच्या गजांमधून. पण मला जे आठवतं ते विहिरी. बस थांबायची. मी वही उघडून सांगायची, बत्तीस हात, पाणी गोडं. अव्वा दोर घेऊन उतरायच्या. आजोबा तंबाखू खायचे, म्हणून त्यांच्या हातचंही चालत नसे. सत्तरी उलटलेली बाई बत्तीस हातांवरून बालदी ओढतेय, फडकं धरतेय, गाळतेय, मग ती छोटी कडीची बालदी हळूहळू खाली सोडतेय, आणि धडधाकट सून शेजारी वही धरून उभी. गावोगावच्या बायका माझ्याकडे बघायच्या. एकीनं रामटेकला माझ्या तोंडावर विचारलं की हात मोडलेत का. तिथं अव्वांच्या तळव्याला फोड आला होता. मी दोराला हात लावला तर त्यांनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला. “तू वही धर.”

जबलपूर मागं टाकल्यावर दोन दिवसांनी ऊन फार होतं. सकाळी उकळून घेतलेलं पाणी दुपारपर्यंत अर्ध्यावर आलं. अव्वांनी विचारलं, पुढं विहीर नक्की हाय न्हवं? मी वही बघून सांगितलं, नक्की, वीस हात, भरपूर. मग त्यांनी ते पिऊन, तोंड धुऊन संपवलं. चारच्या सुमारास पोचलो. विहिरीवर सिमेंटचा स्लॅब होता आणि त्यावर नवाकोरा हातपंप. धर्मशाळेचे व्यवस्थापक हात चोळत बाहेर आले. म्हणाले, माताजी, आम्ही तर कार्डावर लिहिलं होतं, होळीनंतर पंप बसणार आहे म्हणून.

लिहिलं होतं. मला आठवलं. कार्डाच्या कडेला, उभं, बारीक अक्षरात. मी ते वाचलंही होतं. पण माझे प्रश्न चार होते, तक्त्यात रकाने चार होते, आणि पंपाला रकाना नव्हता म्हणून ते वहीत आलं नाही. कार्ड असतं तर त्या आठवड्यात पुन्हा चाळताना दिसलं असतं.

पुढची विहीर साठ मैलांवर. सूर्य मावळायच्या आत पोचणं शक्य नव्हतं. अव्वा बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुसऱ्या दिवशी दहाच्या पुढं पाणी मिळालं. त्यांना दोर ओढवेना, तरी त्यांनीच ओढला, मध्ये दोनदा विहिरीच्या काठावर बसून.   कुणी रागावलं असतं तर मी भांडले असते. माझी तयारी होती.

मधुबनला पोचलो त्या संध्याकाळी अव्वांनी आजोबांना बोलावून सांगितलं. मला ऐकू येईल अशा बेतानं, त्यांच्या पद्धतीनं. “हिच्याकडनं वही बाळबोधीत उतरवून घे. हिला रेल्वेत बसव. परतताना मला विहिरी ठाव्या हायत.”

दुसऱ्या दिवशी त्या डोलीतून डोंगरावर गेल्या, आजोबा त्यांच्याबरोबर. मला कुणी चल म्हणालं नाही. दिवसभर धर्मशाळेच्या ओट्यावर बसून मी एकतीस विहिरी सुवाच्य अक्षरात उतरवल्या. या वेळी रकाने पाच केले. शिखरजीच्या पायथ्याशी जाऊन शिखर न पाहता आलेली आमच्या समाजात मी एकटीच असेन.

आजोबांनी मला बायकांच्या डब्यात बसवून दिलं. गाड्या बदलत बदलत मिरज, मग कोल्हापूर. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढा वेळ एकटी होते. कुणाच्या पाण्याची, कुणाच्या सूर्यास्ताची वेळ पाळायची नव्हती. पहिल्याच संध्याकाळी, दिवे लागल्यावर, फलाटावरची पुरी-भाजी घेतली. मग नळाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायले. घरातून बाहेर पडायचं होतं ना, ते असं झालं. मला आनंद झाला हे मी लपवणार नाही.

शाहूपुरीत दार अक्कांनी उघडलं. माझ्यामागे रस्त्याकडे बघितलं. बस नाही, एक पिशवी आणि मी. त्यांना सगळं कळलं आणि त्या हसल्या. खूप वेळ हसल्या, पदर तोंडाला लावून. तो हक्क त्यांचा होता, पण ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही.

“रेल्वेनं धाडलं व्हय? वाटंत खाल्लंस काय?”

मला गप्प बसता आलं असतं. मी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं. कोणत्या स्टेशनावर काय, किती वाजता, दिवे लागल्यावर किती वेळानं, आणि पाणी कुठल्या नळाचं. एकही गोष्ट न गाळता, तक्ता वाचल्यासारखं, त्यांच्या डोळ्यांत बघून. त्यांचं हसू थांबेपर्यंत.

अक्का वळल्या. सोप्यातला पाण्याचा हंडा उचलून कडेवर घेतला आणि आत नेऊन ठेवला, जिथं माझा हात पोचणार नाही. अव्वा परत येईपर्यंत, म्हणजे वीसेक दिवस, मी म्हशींच्या गोठ्याजवळच्या नळाचं पाणी प्यायले. पाणी चांगलं होतं.